जखमी रानजनावर दिसले, तर आधी गर्दी आवरा

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की शिवारातली लपण उघडी पडते. दोन महिने पिकात सुखाने राहिलेले ससे, रानमांजरे, लावे, हरणाची पाडसे एकदम उघड्यावर येतात. कुणी यंत्राखाली सापडते, कुणाच्या मागे कुत्री लागतात. पुढे उन्हाळा लागला की पाण्याच्या ओढीने रोही, रानडुक्कर, अस्वल गावाकडे सरकतात. कुणी विहिरीत पडते, कुणी रस्त्यावर गाडीखाली येते. अशा वेळी जनावर जगेल की मरेल, आणि आपल्या माणसाला इजा होईल की नाही, हे पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही काय करता यावर ठरते.

आपला बुलडाणा जिल्हा तसा जंगलाला लागूनच आहे. मधोमध अजिंठ्याच्या डोंगररांगेत ज्ञानगंगा अभयारण्य, वर सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा, खाली लोणारच्या सरोवराभोवतीचे जंगल. अभयारण्याची हद्द नकाशावर असते. जनावराला धुरा कळत नाही, सातबारा तर मुळीच नाही. म्हणून हा विषय फक्त बोथा घाटाखालच्या किंवा सातपुड्याजवळच्या गावांचा नाही. देऊळगाव राजापासून मलकापूरपर्यंत प्रत्येक गावाचा आहे.

धसका जखमेपेक्षा वाईट

वावरात रोही लंगडताना दिसला की काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. एक हाक जाते, पाच मिनिटांत पन्नास माणसे जमतात. पोरे मोबाईल काढतात, कुणी दगड मारून ‘उठते का’ पाहतो, दोघे-तिघे दोर घेऊन धावतात. बहुतेकांच्या मनात जनावराला वाचवायचेच असते. पण जनावराला ते कळत नाही. त्याच्या लेखी चारी बाजूंनी शिकारी आला.

हरीण, काळवीट, रोही या जातीच्या जनावरांना पाठलाग आणि धरपकड सोसत नाही. जिवाच्या आकांताने धावल्यावर किंवा बांधून ठेवल्यावर त्यांच्या स्नायूंत आम्ल साचते, स्नायू आतून फुटतात, त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंड व हृदय निकामी होते. कधी जनावर तिथेच कोसळते. कधी सोडल्यावर पळून जाते, लोक टाळ्या वाजवतात, आणि दोन-चार दिवसांनी ते तिसऱ्याच वावरात मरून पडते. मग म्हणतात, ‘अंगावर तर काही मार नव्हता, मेलं काहून?’ ते धसक्याने मेलेले असते.

म्हणून पहिले औषध हेच, की माणसे मागे घ्या. हरीण-रोही असेल तर निदान शंभर पावले. बिबट किंवा अस्वल असेल तर त्याहून पुष्कळ लांब, आणि घरात किंवा गाडीत बसून. कुत्री बांधा, मोटारसायकलींचे आवाज बंद करा. जनावराला पळायची वाट एका बाजूने मोकळी ठेवा. चारी बाजूंनी घेरलेले जनावर माणसावरच येते.

याला आपल्याच जिल्ह्यातला दाखला आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलातून एक तरुण वाघ २०१९ साली निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा माग लागला. अनेक जिल्ह्यांतली शेते, नाले, रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटरच्या वर चालून तो त्या वर्षाच्या अखेरीस ज्ञानगंगेत पोचला. बहुतेक रात्री चालायचा, दिवसा झुडपात पडून राहायचा. एवढ्या वाटचालीत माणूस जखमी झाल्याचा जो प्रसंग नोंदला गेला, तो लोक घोळक्याने त्याच्या विश्रांतीच्या झुडपात शिरले तेव्हाचा. बाकी शेकडो गावांच्या शिवारांतून तो गेला आणि गावांना पत्ताही लागला नाही. धडधाकट वाघाची ही गोष्ट, तर दुखावलेल्या जनावराची काय असेल?

पाणी पाजू नका, दूध तर नाहीच

दुसरी चूक मायेपोटी होते. जनावर धापा टाकते म्हणून त्याच्या तोंडात बाटलीने पाणी ओततात. आडव्या पडलेल्या जनावराला गिळता येत नाही. पाणी श्वासनलिकेतून फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होऊन जनावर जाते. फार तर उथळ टोपल्यात पाणी ठेवा आणि बाजूला व्हा. अंगावर बादली रिकामी करू नका. जखमेवर हळद, चुना, रॉकेल, गोठ्यातले औषध काही लावू नका. रानजनावराला किती औषध, कोणते औषध हे पशुवैद्यकीय डॉक्टरांनीच ठरवायचे.

उन्हाने पडलेले किंवा मांज्यात अडकलेले पाखरू असेल, तर तेवढे तुम्हाला करता येते. जाड फडके टाकून अलगद उचला, भोके पाडलेल्या खोक्यात ठेवा, खोके अंधाऱ्या, शांत, सावलीच्या जागी ठेवा आणि वनखात्याला कळवा. अंधारात पाखरू शांत राहते. घुबड, घार, शिकरा यांच्या नख्यांपासून जपा. मांजा ओढून काढू नका, कात्रीने कापा. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच बंदी घातली आहे. तो गावातल्या दुकानात दिसला तर तेही कळवा.

सापडलेले पाडस अनाथ नसते

आता जी गोष्ट आपल्याकडे सर्वांत जास्त घडते, ती नीट समजून घ्या. हरणाची किंवा काळविटाची मादी वीत झाली की पिलाला गवतात, पिकात दडवून ठेवते आणि स्वतः दूर चरते. जवळ राहिली तर लांडग्या-कोल्ह्याला ठिकाण कळेल म्हणून. दिवसातून थोड्या वेळा येऊन पाजून जाते. पिलू तोवर निपचित पडून असते. माणूस जवळ गेला तरी हलत नाही. पाहणाऱ्याला वाटते, आई मेली, पिलू आजारी आहे. मग ते घरी आणले जाते, गाईचे दूध पाजले जाते, पिलाला ढाळ लागतात आणि चार दिवसांत ते मरते. आई मात्र रात्रभर त्याच धुऱ्यावर शोधत फिरलेली असते.

तेव्हा पिलू दिसले, अंगावर जखम नाही, माश्या बसलेल्या नाहीत, तर हात लावू नका. तेवढा पट्टा सोंगायचा सोडा, दुसऱ्या दिवशी पाहा. उचलून आणलेच असेल तर लवकरात लवकर नेमक्या त्याच जागी ठेवायचे, तेही वनकर्मचाऱ्याला विचारून. माणसाचा वास लागला म्हणून आई पिलू टाकते, असे म्हणतात. त्यावर जाऊन पिलू परत नेणे टाळू नका.

तुरीत-मक्यात सापडणारी मांजरासारखी पिल्ले ही बहुधा रानमांजराची असतात. बिबट्याच्या पिलाच्या अंगावर ठळक ठिपके असतात. रानमांजराचे पिलू मातकट, अंगावर फिक्या पट्ट्यांचे. ‘बिबट्याची पिल्ले सापडली’ म्हणून गावभर फोटो फिरवण्याआधी एवढे पाहा, आणि ठिपके दिसले तर ताबडतोब बाजूला व्हा. मादी जवळपासच असणार. जुन्नर भागात उसाच्या फडात सापडलेली बिबट्याची पिल्ले वनखाते संध्याकाळी त्याच जागी ठेवते, माणसे हटवते, आणि मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. असे कित्येकदा झाले आहे. आईपाशी गेलेले पिलू जंगलात जगते. न गेलेले जन्मभर पिंजऱ्यात राहते.

माया आणि पिंजरा

‘आम्ही जीव लावून वाढवू, मग काय हरकत?’ असे विचारले जाते. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या एका तरुण शेतकऱ्याला २०२२ साली पाय मोडलेला सारस पक्षी वावरात सापडला. त्याने जिवापाड सेवा केली, पक्षी बरा झाला, पण त्याला सोडून जाईना. मोटारसायकलच्या मागे उडत यायचा. देशभर कौतुक झाले. मार्च २०२३ मध्ये वनखात्याने पक्षी ताब्यात घेतला, त्या शेतकऱ्याला कायद्याची नोटीस आली, आणि सारस शेवटी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात पोचला. माणसाची माया खरी होती, यात शंका नाही. पण पहिल्याच दिवशी खात्याला कळवले असते तर पक्ष्याला पुन्हा रानात जाण्याची संधी होती आणि त्या माणसावर नोटिशीची पाळी आली नसती.

कुणी हेमलकशाचे नाव घेते. डॉ. प्रकाश आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्पात रानजनावरे सांभाळली, हे खरे. पण ती जनावरे शिकारीत आई गमावलेली होती, आणि ते केंद्र प्राण्यांचे अनाथालय म्हणून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेने चालते. गोठ्यात दाव्याला बांधलेल्या पाडसाची त्याच्याशी बरोबरी होत नाही.

विहिरीत पडले तर

आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी फार. जनावर पडलेले दिसले की पहिल्यांदा मोटार बंद करा आणि तारेचा प्रवाह तोडा. पाणी खोल असेल तर जनावर पोहून थकते आणि बुडते. त्याला टेकायला काहीतरी हवे. चार कोपऱ्यांना दोर बांधून बाज खाली सोडा, किंवा जाड लाकडी ओंडका. जनावर त्यावर चढून दम खाते आणि वनखात्याची माणसे येईपर्यंत वेळ मिळतो. जुन्नर-अकोल्याकडे बिबट वाचवायला हीच युक्ती वापरतात. बाज सोडताना कड्यावर दोन-तीन माणसेच ठेवा. गर्दीने काठ ढासळून माणसेच आत पडायची. स्वतः कुणीही खाली उतरू नये, मग ते रानमांजर का असेना. शिडी सोडून बिबट वर घ्यायचा का, पिंजरा लावायचा, हे वनखात्याचे काम आहे.

असे वाचवलेले जनावर माणसाचा वैरी होत नाही. २००९ साली तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला बिबट काढून, कॉलर लावून माळशेज घाटात सोडला होता. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. सुमारे एकशे वीस किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वस्त्यांच्या कडेकडेने गेला, पण कुणाच्या अंगावर गेला नाही.

अस्वलाची गोष्ट निराळी आहे. ज्ञानगंगेची अस्वले प्रसिद्ध आहेत. अस्वल दुखावलेले असो वा नसो, अचानक समोर आले तर पळण्याऐवजी अंगावर येते. पाठीवर पिल्ले असलेली मादी तर येतेच. ते पडलेले दिसले तरी मेले असे समजून जवळ जाऊ नका. मोहफुले वेचायला पहाटे एकट्याने जाऊ नका. चार जण मिळून, बोलत, काठी आपटत जा.

पिसाळ आणि पाखरांची मर

दिवसाढवळ्या गावात शिरणारा, माणसाला न भिणारा, लाळ गाळणारा, झोकांड्या खाणारा कोल्हा, लांडगा किंवा मुंगूस दिसला, तर तो पिसाळलेला आहे असे धरूनच चाला. पोरे आणि ढोरे आत घ्या. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रानजनावराचा चावा मोठ्या धोक्याचाच धरतात. लसीबरोबर जखमेत देण्याचे वेगळे इंजेक्शनही लागते, ते डॉक्टरांना विचारून घ्या. डोस अर्ध्यावर सोडू नका. मिरची, चुना, मांत्रिक यात वेळ घालवू नका. पिसाळ एकदा अंगात दिसू लागली की औषध नाही. गाय-बैलाला चावा झाला तर पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ क्रमांकावर कळवा, त्यांच्यासाठीही लस आहे.

कावळे, बगळे, मोर एका जागी एकाहून जास्त मेलेले दिसले, तर हात लावू नका. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यात उदगीरला मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला. त्याच्या आधी, डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट याच रोगाने गेले. मेलेले पाखरू कोंबड्यांपुढे किंवा कुत्र्यापुढे टाकणे म्हणजे रोग घरात आणणे. कधी मोर मरतात ते विष लावलेल्या बियाण्याने. पेरताना सांडलेले बी मातीआड करा, उरलेले उघड्यावर टाकू नका.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यातल्या तीन गोष्टी गावाने पाठ कराव्यात.

एक, रानजनावर, जिवंत असो वा मेलेले, शासनाची मालमत्ता असते. कोणत्याही कारणाने ते तुमच्या ताब्यात आले तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनखात्यात कळवावे लागते. मेलेल्याचे कातडे, शिंग, नख, मांस काढणे हा गुन्हा आहे.

दोन, ‘शिकार’ या शब्दात मारणे तर येतेच, पण पकडणे, फासा लावणे, जखमी करणेही येते. वरच्या अनुसूचीतल्या जनावराबाबत गुन्हा झाला तर तीन ते सात वर्षे कैद आणि निदान पंचवीस हजार दंड आहे.

तीन, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, खऱ्या हेतूने जनावराला मारावे लागले तर तो गुन्हा नाही. म्हणून वनखात्याला कळवायला घाबरू नका. जखमी जनावराची खबर देणाऱ्याने काही गुन्हा केलेला नसतो.

‘ज्याने पीक खाल्ले, त्यालाच वाचवायचे?’

हा सवाल प्रत्येक ग्रामसभेत उठतो आणि तो खोटा नाही. रोही आणि रानडुकरांनी रात्रीतून एकर-एकर तूर, मका, हरभरा झोपवला, की जागलीवर बसणाऱ्याच्या मनात दया कुठून येणार? पण दोन हिशेब वेगळे ठेवा. नुकसानीचा हिशेब शासनाकडे मागायचा. पिकाची तक्रार तीन दिवसांत आणि मारलेल्या जनावराची अठ्ठेचाळीस तासांत वनखात्याकडे द्या, पंचनामा करून घ्या, पोच घ्या. रानजनावराच्या हल्ल्यात माणूस दगावला तर कुटुंबाला मिळणारी मदत शासनाने २०२३ मध्ये पंचवीस लाख केली आहे.

जखमी जनावराचा हिशेब मात्र आपल्याच सुरक्षेचा आहे. पडलेला रोही एका लाथेत माणसाची बरगडी मोडतो. अर्धवट जखमी रानडुक्कर मांडी फाडते. आणि पुष्कळ जखमा माणसाच्या हातच्याच असतात. कुंपणात सोडलेली उघडी वीज, तारेचे फासे, डुकरासाठी ठेवलेले गावठी बॉम्ब. त्या विजेच्या तारेने रोह्याबरोबर शेजारचा सालदारही जातो, मग घरमालक तुरुंगात. झटका देणारे सौर कुंपण वेगळे, थेट लाईनची तार वेगळी.

सरपंच, पोलीस पाटील यांना विनंती

तुमच्या शब्दाने गर्दी हटते, म्हणून खरी जबाबदारी तुमची. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आपल्या बीटचे वनरक्षक, वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचे क्रमांक ठळक रंगवा. वनखात्याचा निःशुल्क क्रमांक १९२६ त्यात असू द्या. जंगल अभयारण्याचे की प्रादेशिक विभागाचे, हे विचारत बसू नका. पहिला जो भेटेल त्याला कळवा, तो पुढे कळवील. ताडोबाभोवतीच्या गावांत तरुणांची प्राथमिक बचाव दले तयार झाली आहेत. आपल्याकडेही पाच-सहा जाणती पोरे निवडून वनखात्याकडून शिकवून घेता येतील. त्यांचे काम जनावर पकडणे नाही. दोर धरून गर्दी मागे ठेवणे आणि डॉक्टर येईपर्यंत लांबून नजर ठेवणे, एवढेच.

बिबट किंवा वाघ वस्तीत अडकला आणि जमाव आवरेना, तर तहसीलदारांकडून जमावबंदी मागा. पूर्वीचे कलम १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ आहे.

हे कापून भिंतीला लावा

१. माणसे मागे, कुत्री बांधलेली, आवाज बंद. एक बाजू मोकळी.
२. फोन लावा: १९२६, वनरक्षक, पोलीस पाटील.
३. फोनवर सांगा: गाव, शिवार, गट क्रमांक, कोणते जनावर, केवढे, उठते-चालते का, जखम कुठे, विहीर, वीज, रस्ता यांचा धोका आहे का.
४. गाडीला वाट दाखवायला एक माणूस फाट्यावर उभा ठेवा.
५. पाणी ओतू नका, दूध पाजू नका, औषध लावू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका.
६. निरोगी पिलू जिथे आहे तिथेच राहू द्या.
७. चावा झाला तर साबण-पाणी, आणि त्याच दिवशी लस.
८. मेलेल्या जनावराला हात नाही. पंचनामा होईपर्यंत राखण.

येत्या ग्रामसभेत हा विषय पाच मिनिटे घ्या. विहिरींना कठडे कुणाच्या नाहीत त्याची यादीही त्याच दिवशी करा. कठडा झाला तर रोही वाचेल, आणि आपले पोरही वाचेल.